बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं, तरी उघडतो जुनाच प्रोग्राम: केडीई आणि ग्नोमच्या डेव्हलपमेंट सेटअपचं समस्या निवारण

केडीई किंवा ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपांचा एखादा प्रोग्राम सोर्समधून बांधायला (म्हणजे बिल्ड करायला) घेतला की ही अडचण हटकून येते. कंपायलर तक्रार करत नाही, बिल्ड चालवणारा निन्जा शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो, आणि प्रोग्राम उघडून पाहावा तर केलेला बदल कुठेच नाही. कधी बदल दिसतो, पण आयकॉन गायब होतात. कधी खिडकी उघडायच्या आतच प्रोग्राम कोसळतो. कोडमध्ये चूक शोधत बसण्यात इथे बराच वेळ वाया जातो, कारण चूक बहुतेक वेळा कोडमध्ये नसतेच.

मशीनवर त्याच प्रोग्रामच्या दोन प्रती असतात: एक डिस्ट्रिब्यूशनची (म्हणजे उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार लिनक्सबरोबर आलेली), एक तुमची. कोणती उचलायची हे कुणी एकटा ठरवत नाही. कोणता प्रोग्राम ते शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा) ठरवतो, कोणती लायब्ररी ते डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा), कोणतं प्लगइन ते क्यूटी (केडीईच्या पायाची लायब्ररी), सेटिंग्जचा कोणता स्कीमा (सेटिंग्जची व्याख्या) ते जीलिब (ग्नोमच्या पायाची लायब्ररी) आणि पार्श्वभूमीतली कोणती सेवा ते डी-बस (प्रोग्रामांमधला निरोप्या) ठरवतो. प्रत्येकाची फोल्डरांची यादी वेगळी. त्यातल्या एकाच यादीत तुमचं फोल्डर राहून गेलं की अर्धं नवं, अर्धं जुनं अशी सरमिसळ होते. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत विचारायचं ते एवढंच: ही वस्तू कुणी निवडली, आणि कुठल्या यादीतून?

कमांड आणि व्हेरिएबलची (शेल प्रोग्रामांना देतो त्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची) नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. प्रीफिक्स म्हणजे इन्स्टॉल होण्याचं मूळ फोल्डर. उदाहरणांत ते होममधलं ‘केडीई/यूएसआर’ धरलं आहे; केडीई-बिल्डर (केडीईचे प्रकल्प उतरवून बांधणारं साधन) स्वतःहून तेच वापरतो.

लक्षणं

यांपैकी एक जरी दिसलं तरी तपासण्यांना लागा:

- कोड बदलला, बिल्ड यशस्वी, पण प्रोग्राम जसाच्या तसा. ‘अबाउट’मध्ये डिस्ट्रिब्यूशनची आवृत्ती.
- टर्मिनलमधून नवा प्रोग्राम उघडतो, मेनूतून जुना.
- सुरू होताच ‘सिम्बॉल लुकअप एरर’ आणि पुढे ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’. म्हणजे प्रोग्राम नवा, लायब्ररी जुनी.
- क्यूएमएलची (क्यूटीत खिडक्या लिहायची भाषा) तक्रार: अमुक मॉड्यूल ‘इज नॉट इन्स्टॉल्ड’.
- ‘सेटिंग्ज स्कीमा’ इन्स्टॉल नाही, किंवा स्कीमात अमुक नावाची ‘की’ (सेटिंग) नाही, असं सांगून ग्नोमचा प्रोग्राम थेट बंद पडतो.
- ‘कॅनॉट मिक्स इनकम्पॅटिबल क्यूटी लायब्ररी’.
- आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन, फाइलींचे प्रकार ओळखू येत नाहीत.
- एखादी लायब्ररी आत्ताच नवी बांधली, तरी सीमेक किंवा मेसन (बिल्डची मांडणी करणारी साधनं) म्हणतो की आवृत्ती जुनी आहे.

१. बदललेली फाइल खरंच कंपाइल होते का?

सगळ्यात स्वस्त तपासणी. बदललेल्या फाइलीत मुद्दाम एक वेडावाकडा शब्द टाका आणि पुन्हा बिल्ड करा. बिल्ड अडखळलं तर ठीक. शब्द काढा आणि पुढे जा. बिल्ड निमूटपणे पार पडलं तर ती फाइल या बिल्डमध्ये नाहीच.

कारणं दोनच असतात. पहिलं, सोर्सच्या दोन प्रती. केडीई-बिल्डर स्वतःचा क्लोन (गिटवरून उतरवलेली सोर्सची प्रत) होममधल्या ‘केडीई/एसआरसी’मध्ये ठेवतो, आणि संपादन चाललेलं असतं आधी कधीतरी हाताने केलेल्या दुसऱ्याच क्लोनमध्ये. शिवाय हे साधन बांधण्याआधी गिटवरून सोर्स अद्ययावत करतं. स्वतःच्या ब्रँचवर काम चालू असेल तर ‘--नो-एसआरसी’ द्यायची सवय लावा.

दुसरं कारण जास्त छुपं. मेसनमध्ये पर्याय ‘ऑटो’वर असेल किंवा सीमेकमध्ये अवलंबित्व ऐच्छिक असेल, तर एखादं हेडर पॅकेज (लायब्ररी वापरून बांधायला लागणाऱ्या फाइलींचं) नसताना बिल्ड थांबत नाही, तो भाग गुपचूप वगळला जातो. कॉन्फिगरच्या शेवटी छापला जाणारा गोषवारा वाचा. ‘नो’ किंवा ‘नॉट फाउंड’च्या ओळीत तुमचा भाग असेल तर ‘-डेव्ह’ने संपणारं पॅकेज टाका, फेडोरा आणि ओपनसुसेवर त्याचं नाव ‘-डेव्हल’ने संपतं. हा गोषवारा कुणी वाचत नाही. वाचायला हवा.

२. जुना प्रोसेस अजून जिवंत आहे का?

डेस्कटॉपचे बरेच प्रोग्राम एकाच वेळी एकच प्रत चालू ठेवतात. जीटीकेचा (ग्नोमच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी) प्रोग्राम सुरू होताना डी-बसवर स्वतःचं नाव घ्यायला जातो. ते नाव आधीच कुणाकडे असेल तर नवा प्रोसेस ‘खिडकी उघड’ एवढा निरोप देऊन स्वतः संपतो. खिडकी उघडते, पण ती जुन्या प्रोसेसची. खिडकी बंद केली तरी काही प्रोग्राम मागे चालूच राहतात, म्हणून ‘मी तर बंद केला होता’ हे पुरेसं नाही.

नॉटिलस (ग्नोमचा फाइल मॅनेजर) ‘-क्यू’ देऊन पूर्ण बंद होतो. केट (केडीईचा टेक्स्ट एडिटर) ‘-एन’ देऊन नवी प्रत म्हणून उघडता येतो. प्लाझ्माशेलला (केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपचं पॅनेल आणि पार्श्वभूमी) ‘--रिप्लेस’ द्या. केरनर (केडीईची शोधपट्टी) ‘केक्विटअ‍ॅप६’ने थांबवा. बाकीच्यांसाठी ‘पीजीरेप -ए’ने प्रोसेस शोधा आणि संपवा.

खात्री करायची असेल तर ‘रीडलिंक’ला ‘/प्रोक’मधल्या त्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरातली ‘एक्सई’ ही लिंक द्या. चालू असलेली फाइल नेमकी कुठून आली ते कळतं. शेवटी ‘डिलीटेड’ असं दिसलं तर डिस्कवरची फाइल बदलली आहे आणि मेमरीत मात्र जुनीच चालू आहे.

३. शेल कुठला प्रोग्राम उचलतो?

‘टाइप -ए’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव. पाथमधल्या (शेल प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीतल्या) सगळ्या प्रती क्रमाने दिसतात; पहिली तुमची हवी. बॅश एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतो, त्यामुळे पाथमधल्या आधीच्या फोल्डरात नवी प्रत आत्ताच इन्स्टॉल झाली असेल तर ‘हॅश -आर’ करून त्याला विसरायला लावा.

इथेच तिसरी, विसरलेली प्रत सापडते. सीमेक आणि मेसन दोघांचाही ठरलेला प्रीफिक्स ‘/यूएसआर/लोकल’ आहे. अगदी सुरुवातीला प्रीफिक्स न देता एकदा इन्स्टॉल झालेलं असेल तर ती प्रत अजून तिथेच आहे, आणि पाथमध्ये ‘/यूएसआर/लोकल/बिन’ सहसा ‘/यूएसआर/बिन’च्या आधी येतं. बिल्ड फोल्डर शिल्लक असेल तर मेसनच्या प्रकल्पात ‘निन्जा अनइन्स्टॉल’ चालतं. साध्या सीमेकमध्ये असं टार्गेट नसतं, केडीईच्या प्रकल्पांत असतं. बिल्ड फोल्डर उडवलं असेल तर ‘/यूएसआर/लोकल’मधल्या फाइली तारखेने लावून हाताने काढा. घाईत सगळं फोल्डर साफ करू नका. इतर कामाच्या गोष्टीही तिथे असतात.

४. इन्स्टॉल झालं का, आणि कुणाच्या नावाने?

‘मेसन कंपाइल’ किंवा नुसतं ‘निन्जा’ म्हणजे फक्त बांधणी. प्रीफिक्समधली प्रत ‘इन्स्टॉल’ म्हटल्याशिवाय बदलत नाही. छोट्या बदलासाठी प्रत्येक वेळी इन्स्टॉल नको असेल तर मेसनच्या ०.५८ आवृत्तीपासून ‘मेसन डेव्हएन्व्ह’ आहे. तो बिल्ड फोल्डरकडे बोट दाखवणारे व्हेरिएबल लावून एक शेल उघडतो.

सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूझरच्या नावाने कमांड चालवणं. होममधल्या प्रीफिक्ससाठी त्याची गरज कधीच नसते, आणि एकदा वापरला की दोन दुखणी मागे लागतात. सुडो तुमचे बरेच व्हेरिएबल काढून टाकतो, त्यामुळे इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरांत बघतात. आणि बिल्ड फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली राहतात, ज्या पुढच्या साध्या इन्स्टॉलला बदलता येत नाहीत. ‘फाइंड’ला बिल्ड फोल्डर आणि प्रीफिक्स देऊन ‘-यूझर रूट’ शोधा. सापडल्याच तर ‘चोन -आर’ने मालकी परत स्वतःकडे घ्या. या एकाच कामाला सुडो चालेल.

५. व्हेरिएबल: लावले आहेत का, आणि क्रम बरोबर आहे का?

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. लागणारी यादी अशी: प्रोग्रामसाठी पाथ; लायब्ररीसाठी एलडी लायब्ररी पाथ; डेटा, आयकॉन, डी-बस सेवा आणि स्कीमासाठी एक्सडीजी डेटा डिर्स; क्यूटीच्या प्लगइनसाठी क्यूटी प्लगइन पाथ; क्यूएमएलसाठी क्यूएमएल इम्पोर्ट पाथ (क्यूटी ५ मध्ये नावात क्यूएमएल२ येतं); ग्नोमच्या जावास्क्रिप्ट किंवा पायथन भागांसाठी जीआय टाइपलिब पाथ. बांधतानाचे दोन वेगळे: पीकेजी कॉन्फिग पाथ आणि सीमेक प्रीफिक्स पाथ.

केडीईचे प्रकल्प बिल्ड फोल्डरात ‘प्रीफिक्स.एसएच’ नावाची फाइल तयार करतात. तिला ‘सोर्स’ करा. हाताने टाइप केलेल्या व्हेरिएबलांपेक्षा ती कधीही बरी. केडीई-बिल्डर वापरत असाल तर ‘--रन’ आणि प्रकल्पाचं नाव दिलं की हे सगळं लावूनच प्रोग्राम सुरू होतो.

एक्सडीजी डेटा डिर्सचा सापळा मात्र नीट समजून घ्या, कारण यात माणूस उलटसुलट दोन्हीकडून अडकतो. हा व्हेरिएबल रिकामा असेल तर प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल/शेअर’ आणि ‘/यूएसआर/शेअर’ ही दोन फोल्डरं गृहीत धरतात. तुम्ही त्यात फक्त स्वतःचं फोल्डर लिहिलंत की तो रिकामा राहत नाही, आणि गृहीत धरलेली दोन्ही फोल्डरं यादीतून जातात. आयकॉन रिकामे होतात, फाइलींचे प्रकार ओळखू येत नाहीत, आणि जीटीके ३ चा प्रोग्राम फाइल निवडायची खिडकी उघडताच कोसळतो, कारण जीटीकेचा स्वतःचाच स्कीमा त्याला सापडत नाही. उलट, स्वतःचं फोल्डर यादीच्या शेवटी जोडलंत तर सगळं चालतं, पण जुनं. म्हणून क्रम असा: आधी तुमचं ‘शेअर’, मग आधीची किंमत, आणि आधीची किंमत रिकामी असेल तर ती दोन्ही फोल्डरं स्पष्ट लिहून.

टर्मिनलमध्ये नवा आणि मेनूत जुना हे लक्षणही इथलंच. मेनूतून उघडलेला प्रोग्राम तुमची ‘बॅशआरसी’ वाचत नाही. त्याला लॉगिनच्या वेळचे व्हेरिएबल मिळतात. सगळ्या सेशनला व्हेरिएबल द्यायचे तर प्लाझ्मात होममधल्या ‘.कॉन्फिग/प्लाझ्मा-वर्कस्पेस/एन्व्ह’ फोल्डरात स्क्रिप्ट ठेवता येते, आणि सिस्टमडीसाठी (सेवा सुरू करणारा व्यवस्थापक) ‘.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी’ आहे. पण एलडी लायब्ररी पाथ तिथे लिहू नका. अर्धवट बांधलेली एक लायब्ररी मग संपूर्ण सेशनला मिळते, आणि एखाद्या सकाळी लॉगिनच होत नाही. रोजच्या कामाचा डेस्कटॉप डिस्ट्रिब्यूशनचाच राहू द्या आणि नव्याची चाचणी टर्मिनलमधूनच घ्या.

६. ‘लिब’ की ‘लिब६४’?

व्हेरिएबल लावले, क्रमही बरोबर, तरी लायब्ररी जुनी. प्रीफिक्समध्ये ‘एलएस’ करा. ‘लिब’ आणि ‘लिब६४’ दोन्ही दिसली, किंवा ‘लिब’च्या आत ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ दिसलं, तर बिल्ड साधनांचं एकमेकांशी जमलेलं नाही.

फेडोरा आणि ओपनसुसेवर ६४ बिटच्या लायब्ररी ‘लिब६४’मध्ये जातात. डेबियन आणि उबुंटूवर मेसन ‘लिब’च्या आतलं आर्किटेक्चरच्या नावाचं फोल्डर वापरतो. सीमेक मात्र ते फोल्डर प्रीफिक्स ‘/यूएसआर’ असेल तरच घेतो; होममधल्या प्रीफिक्ससाठी साधं ‘लिब’. म्हणजे उबुंटूवर मेसनने बांधलेली लायब्ररी एका जागी आणि सीमेकने बांधलेली दुसऱ्या जागी, दोन्ही एकाच प्रीफिक्समध्ये. पीकेजी कॉन्फिग पाथमध्ये एकच जागा लिहिलेली असेल तर दुसऱ्या जागेवरची ‘.पीसी’ फाइल (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारी) सापडत नाही, आणि सिस्टममधली जुनी उचलली जाते.

दोघांनाही एकच जागा सांगा हा सोपा उपाय: मेसनला ‘--लिबडिर=लिब’, सीमेकला ‘-डी’ लावून सीमेक इन्स्टॉल लिबडिरची किंमत ‘लिब’. यासाठी आधीचं प्रीफिक्स रिकामं करून सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण जुन्या जागेवर राहिलेली लायब्ररी पुढे महिनाभर छळते.

प्लगइनचीही जागा बघून घ्या. डिस्ट्रिब्यूशनमध्ये ती ‘क्यूटी६/प्लगइन्स’ अशी असते, पण केडीईचे प्रकल्प स्वतंत्र प्रीफिक्समध्ये लायब्ररीच्या फोल्डरातच थेट ‘प्लगइन्स’ आणि ‘क्यूएमएल’ अशी फोल्डरं करतात. डिस्ट्रिब्यूशनचा पाथ पाहून त्याच्यासारखा लिहिलात की क्यूटी रिकाम्या जागी शोधत बसते. नक्की कुठे शोधते आहे ते तिलाच विचारा: क्यूटी डीबग प्लगइन्स या व्हेरिएबलची किंमत १ ठेवून प्रोग्राम चालवा, क्यूएमएलसाठी क्यूएमएल इम्पोर्ट ट्रेस १. भरपूर मजकूर येतो. त्यात तुमच्या प्लगइनचं नाव शोधा.

७. लोडर कोणती लायब्ररी जोडतो?

‘एलडीडी’ला तुमच्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्या. प्रत्येक लायब्ररीसमोर तिची खरी जागा येते. तुम्ही बांधलेल्या लायब्ररीसमोर सिस्टमची जागा (‘/यूएसआर/लिब’, ‘/लिब’, ‘/लिब६४’ वगैरे) दिसली तर दोषी सापडला.

लोडरचा शोधक्रम ठरलेला आहे. फाइलीत फक्त जुन्या पद्धतीचा आरपाथ (प्रोग्रामच्या फाइलीतच लिहिलेली लायब्ररींची जागा) असेल तर सगळ्यात आधी तो. मग एलडी लायब्ररी पाथ. मग रनपाथ (आरपाथचाच नवा प्रकार). मग लोडरचा कॅश, आणि शेवटी सिस्टमची फोल्डरं. त्यामुळे जुन्या आरपाथपुढे एलडी लायब्ररी पाथचं काही चालत नाही, रनपाथवर मात्र तो मात करतो. फाइलीत काय आहे ते ‘रीडएल्फ -डी’ दाखवतो. रनपाथची आणखी एक गोम आहे: तो फक्त त्या फाइलीच्या थेट अवलंबित्वांना लागू होतो, त्या लायब्ररींना पुढे लागणाऱ्या लायब्ररींना नाही. पहिली लायब्ररी नवी आणि तिच्या पोटातली जुनी, असा प्रकार यातूनच होतो. एलडी डीबगची किंमत ‘लिब्स’ ठेवून प्रोग्राम चालवला की लोडर कुठे कुठे फिरला ते ओळीओळीने छापलं जातं.

प्लगइन चालू प्रोग्राममध्ये नंतर जोडले जातात, म्हणून एलडीडीत ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी चालू प्रोसेसची ‘/प्रोक’मधली ‘मॅप्स’ फाइल उघडा.

८. बिल्ड फोल्डरने जुनं उत्तर धरून ठेवलंय का?

सीमेक एकदा सापडलेल्या पॅकेजची जागा ‘सीमेककॅश.टीएक्सटी’मध्ये लिहून ठेवतो. नंतर प्रीफिक्स बदला, व्हेरिएबल बदला. कॅशमधली जागा अजून वैध असेल तोवर तो तीच वापरतो. मेसनही पीकेजी कॉन्फिग पाथ पहिल्या सेटअपच्या वेळी वाचून ठेवतो. म्हणून पाचव्या-सहाव्या तपासणीत काहीही सुधारलं असेल तर पुढे ही पायरी करावीच लागते. नाहीतर सुधारणा झाली तरी परिणाम दिसत नाही, आणि माणूस बरोबर केलेली गोष्ट परत मोडतो.

कॅश फाइलीत ‘_डिर’ने संपणाऱ्या ओळी ‘ग्रेप’ करा. तिथे ‘/यूएसआर/लिब’ दिसलं तर कारण तेच. सीमेक ३.२४ पासून ‘--फ्रेश’ आहे, मेसनला ‘सेटअप --वाइप’, केडीई-बिल्डरला ‘--रीफ्रेश-बिल्ड’. किंवा सरळ बिल्ड फोल्डर उडवा. त्यात हाताने लिहिलेलं काही नसतं, निदान नसायला हवं. तरीही सीमेक चुकीचीच जागा निवडत असेल तर ३.१७ पासून असलेला ‘--डीबग-फाइंड’ प्रत्येक पावलाचा हिशेब देतो.

९. स्कीमा, आयकॉन आणि मेनूचे कॅश

जीलिब स्कीमाची मूळ एक्सएमएल फाइल वाचत नाही, तिला ‘जीस्कीमाज.कंपाइल्ड’ लागते. स्कीमात नवी की टाकली आणि ही फाइल जुनी राहिली तर प्रोग्राम चेतावणी देऊन पुढे जात नाही, तिथेच संपतो. ‘जीलिब-कंपाइल-स्कीमाज’ला प्रीफिक्समधलं ‘शेअर/जीलिब-२.०/स्कीमाज’ हे फोल्डर द्या. एरवी मेसन हे इन्स्टॉलच्या वेळी करून घेतो, पण डेस्टडिर (फाइली खऱ्या जागेऐवजी दुसऱ्याच फोल्डराखाली टाकणारा व्हेरिएबल) लावून इन्स्टॉल केलं असेल तर ती पायरी वगळली जाते.

केडीईकडे मेनू आणि फाइल प्रकारांसाठी ‘केबिल्डसायकोका६’ चालवा. आयकॉनसाठी ‘जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश’. एवढंच.

१०. डी-बस आणि सेशन

मुख्य प्रोग्राम नवा, पण त्याची पार्श्वभूमीतली सेवा जुनी. डी-बस सेशनच्या सुरुवातीलाच सुरू होतो, म्हणून तुम्ही नंतर टर्मिनलमध्ये लावलेले व्हेरिएबल त्याला माहीतच नसतात. सेवेची फाइल तो स्वतःच्या एक्सडीजी डेटा डिर्समध्ये शोधतो, तुमच्या नाही.

दुसऱ्या बसवर चालवणं सगळ्यात स्वच्छ: ‘डीबस-रन-सेशन’ आणि पुढे प्रोग्राम. ही नवी बस तुमच्या टर्मिनलचे व्हेरिएबल घेऊन जन्मते आणि प्रोग्रामबरोबर संपते. ग्नोम शेलची चाचणीही अशीच, वेगळ्या खिडकीत: ४९ व्या आवृत्तीच्या आधी ‘--नेस्टेड’, ४९ पासून ‘--डेव्हकिट’. चालू सेशनलाच व्हेरिएबल कळवायचे असतील तर ‘डीबस-अपडेट-अ‍ॅक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट’ला ‘--सिस्टमडी’ देऊन ते होतं. मात्र आधीच चालू असलेल्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात, आणि पाचव्या तपासणीतला एलडी लायब्ररी पाथचा इशारा इथेही तितकाच लागू आहे.

११. काल चालत होतं, आज नाही

मध्ये सिस्टम अपडेट झालं का ते आधी पाहा. केडीईचे काही भाग क्यूटीचे खासगी हेडर वापरतात, आणि ते क्यूटीच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेले असतात. डिस्ट्रिब्यूशनने क्यूटी बदलली की संदेशात ‘प्रायव्हेट एपीआय’ असे शब्द येतात किंवा ‘कॅनॉट मिक्स’ची तक्रार येते. इथे एकच प्रकल्प बांधून भागत नाही. त्याच्याखालच्या लायब्ररीही ‘--रीफ्रेश-बिल्ड’ने पुन्हा बांधा.

दुसरा प्रकार कंटेनरवाल्यांचा. टूलबॉक्स आणि डिस्ट्रोबॉक्स ही कंटेनरची साधनं होम फोल्डर यजमान मशीनबरोबर वाटून घेतात. त्यामुळे कंटेनरमध्ये बांधलेला प्रोग्राम बाहेरूनही दिसतो आणि हात सवयीने तो बाहेरच चालवतो. आत जीलिबसी (सी भाषेची मूळ सिस्टम लायब्ररी, वरची जीलिब नव्हे) नवी, बाहेर जुनी. मग ‘जीलिबसी’ आणि एक आकडा देऊन ‘नॉट फाउंड’ येतं. जिथे बांधलं तिथेच चालवा, आणि कंटेनरसाठी प्रीफिक्स वेगळं ठेवा. फ्लॅटपॅकमधून बांधत असाल तर वरच्या बहुतेक तपासण्या लागूच नाहीत, कारण तिथे लायब्ररी रनटाइममधून (फ्लॅटपॅकच्या स्वतःच्या लायब्ररी-संचातून) येतात.

१२. नवा यूझर, कोरं प्रीफिक्स

हे शेवटी, कारण वेळ सगळ्यात जास्त जातो. मशीनवर नवा यूझर तयार करा, त्याच्याकडून सोर्स नव्याने क्लोन करा, कोऱ्या प्रीफिक्समध्ये बांधा आणि चालवा. इथे चाललं तर दोष तुमच्या जुन्या होममध्ये आहे: विसरलेली एखादी ‘एन्व्ह’ स्क्रिप्ट, जुनी कॉन्फिग फाइल, ‘.लोकल/शेअर’मध्ये पडलेली ‘.डेस्कटॉप’ फाइल. या शेवटच्या फोल्डरकडे आधी बघा. ते डेटाच्या यादीत सगळ्यांच्या पुढे असतं, त्यामुळे तिथल्या फाइलीपुढे एक्सडीजी डेटा डिर्सचं काही चालत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

‘/यूएसआर’मध्ये सुडोने इन्स्टॉल झालं असेल आणि क्यूटी, जीलिबसी किंवा मेसाच्या (ग्राफिक्सच्या लायब्ररी) फाइलींवर तुमच्या फाइली बसल्या असतील तर हाताने फाइली काढणं ताबडतोब थांबवा. एक चुकीची फाइल गेली की ‘एलएस’सुद्धा चालत नाही. काय बदललं ते डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ आणि फेडोरा-ओपनसुसेवर ‘आरपीएम -व्हीए’ दाखवतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर या आणि तीच पॅकेजं पॅकेज मॅनेजरने पुन्हा इन्स्टॉल करा. कन्सोलवरही लॉगिन होत नसेल, किंवा डिस्क एन्क्रिप्टेड असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर लिनक्स प्रशासनाचं काम करणाऱ्या जाणकाराच्या हाती मशीन द्या. मशीन ऑफिसचं किंवा अनेकांच्या वापरातलं असेल तर ही वेळ येण्याआधीच, म्हणजे ‘/यूएसआर’ला हात लागल्याचं कळताच, तिथल्या सिस्टम अ‍ॅडमिनला सांगा.

नव्या यूझरमध्येही दोष तसाच राहिला तर सेटअपवर आणखी वेळ घालवू नका. तो बहुधा खरा बग आहे. क्रॅशच्या बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) वरच्या ओळी मटर (ग्नोमचा विंडो मॅनेजर), क्यूटी किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या असतील तेव्हाही तसंच. ते प्रकल्पाच्या मेंटेनरचं काम आहे. त्यांच्याकडे जाताना इतकं घेऊन जा: डिस्ट्रिब्यूशन आणि तिची आवृत्ती, प्रीफिक्स, सोर्सचा कमिट क्रमांक, कॉन्फिगरचा पूर्ण लॉग, ‘टाइप -ए’ आणि ‘एलडीडी’चं आउटपुट, आणि टर्मिनलमध्ये टाइप केलेली कमांड जशीच्या तशी. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर द्या. तो शोधता येतो.